साडेचार चटयांची खोली

मराठीच्या प्राध्यापकाची लोकांना एरवी फारशी आठवण होत नाही. पण दोन कामांसाठी मात्र हटकून होते. एक, लग्नपत्रिकेतला मजकूर तपासायला; आणि दुसरे, घरातल्या वाढत्या मुलांना ‘चार गोष्टी समजावून सांगायला’. पहिल्या कामात मी आता चांगलाच मुरलो आहे. दुसऱ्यात मात्र माझा हात कच्चा तो कच्चाच राहिला. ज्यांना ज्यांना मी समजावून सांगितले, त्यांतल्या निम्म्यांनी मी नको म्हटले होते तेच केले आणि ती सुखात आहेत. उरलेल्या निम्म्यांनी माझे ऐकले आणि हल्ली ती मला पाहून पलीकडच्या फुटपाथवर जातात.

हा लौकिक ठाऊक असूनही गणपती उठल्यावरच्या पहिल्याच रविवारी आमचा एक जुना मित्र सकाळी साडेसातला दारात उभा राहिला. चहाचा पहिला घोट घेण्याआधीच म्हणाला, “तू जरा पोरीला समजावून सांग.”

मित्राचे नाव इथे देत नाही. तो हे साप्ताहिक विकत घेऊन वाचतो, आणि पुण्यात विकत घेऊन वाचणारा वाचक दुखावणे कुठल्याच सदरलेखकाला परवडत नाही. एवढे सांगितले म्हणजे पुरे, की तो एका बँकेत अधिकारी आहे, कोथरूडला स्वतःच्या जागेत राहतो आणि त्याला एकुलती एक मुलगी आहे. ती यंदा बारावीला आहे.

“काय केलं तिनं?” मी घाबरून विचारले.

“कॉमिक्स काढायची आहेत म्हणते.”

“मग काढू दे की! परीक्षा झाली की सुट्टीत...”

“सुट्टीत नव्हे. जन्मभर.”

संकटाचे मूळ मोठे गमतीचे होते. जपानी शिकणे हा पुण्यात आता अगदी घरगुती विषय झाला आहे. कुणाचा तरी भाचा कुठल्याशा कंपनीत लागला, त्याला जपान्यांशी बोलता येते म्हणून पगार दीडपट मिळतो, अशी एक तरी कथा प्रत्येक बिऱ्हाडात असते. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेले उद्यान आहे आणि त्याला नाव आहे पु. ल. देशपांड्यांचे, तेव्हा या दोन संस्कृतींचे गोत्र जमलेलेच आहे म्हणा ना! मित्रानेही दूरदृष्टीने मुलीला आठवीपासून रविवारच्या क्लासला घातले. ती लिपी शिकली. वाचनाचा सराव व्हावा म्हणून बाईंनी मुलांना चित्रकथांची पुस्तके दिली. तिकडे त्यांना ‘मांगा’ म्हणतात. पोर ती वाचू लागली, मग पाहून पाहून काढू लागली, आणि पुढे न पाहता काढू लागली.

“म्हणजे फी मीच भरली,” मित्र म्हणाला. “चार वर्षं. वेळच्या वेळी.”

यावर मला हसू यायला हवे होते. आले नाही. कारण समोर बसलेला हा बँक अधिकारी एके काळी काय करीत असे, हे त्याच्या मुलीला ठाऊक नसले तरी मला ठाऊक होते.

२००१ साली आम्ही दोघे सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात माडीवरच्या खोलीत राहत होतो. तो बी.कॉम. करीत होता, मी एम.ए.; आणि खरे शिक्षण रात्री नऊनंतर सुरू होई. तो व्यंगचित्रे काढी आणि मी त्यांच्याखालच्या ओळी लिही. ही जोडीची कल्पना काही आमची स्वतःची नव्हती. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर अशी दोन नावे त्या चित्रपट्टीशी जोडलेली असत. सकाळी वर्तमानपत्र दारात पडले की वडिलांच्या आधी ते पळवायचे, चिंटू, पप्पू, मिनी आणि बगळ्या यांनी आज काय उद्योग केला ते पाहायचे, आणि मग घडी मोडलीच नाही अशा थाटात अंक जागेवर ठेवायचा; पुण्यातल्या कितीतरी घरांत हा नेम चालत असे. ती मुले आमच्यासारख्याच सोसायटीत राहत होती, आमच्यासारख्याच शेजाऱ्यांच्या काचा फोडत होती. आणि हे सगळे दोन माणसे मिळून करतात, एकट्याने करायचे नसते, ही गोष्ट आमच्या मनात तेव्हापासून घर करून बसली होती.

तर आम्ही दिवाळी अंकांना व्यंगचित्रे पाठवू लागलो. सोबत तिकीट लावलेले पाकीट. ते पाकीट इतक्या इमानाने परत येई की पोस्टमन आम्हांला नावाने ओळखू लागला. अखेर एक चित्र छापून आले. पुण्यातल्या एका दुकानाचे दार बंद आहे, पाटीवर ‘दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील’ असे लिहिले आहे, आणि पायरीवर एक चोर पोते मांडीवर घेऊन, घड्याळाकडे पाहत चार वाजायची वाट बघत बसला आहे. खाली मी ओळ दिली होती, ‘शिस्त म्हणजे शिस्त!’ संपादकांनी चित्र छापले, ओळ गाळली. ओळीबरोबर माझे नावही गळाले.

आज ते चित्र डोळ्यांसमोर आणले की संपादकांचे बरोबर होते हे कळते. चोराच्या चेहऱ्यावर जे होते तेच मी खाली पुन्हा लिहिले होते. पण तेविसाव्या वर्षी हे कोणाला कळते? मी रुसलो. “पुढच्या खेपेला तुझंही नाव टाकतील रे,” असे तो म्हणत राहिला. मी नेट-सेटचा अभ्यास पुढे केला. त्यानंतर त्याने एकट्याने दोन-तीन चित्रे काढली असतील. मग त्याचे वडील निवृत्त झाले, तो बँकेच्या परीक्षांना बसला, पास झाला. माझी नेमणूक झाली त्या दिवशी पेढे घेऊन पहिला तोच आला. चित्रे का थांबवलीस, हे मी त्याला कधी विचारले नाही. उत्तर काय येईल याची थोडीशी धास्ती होती.

हे सारे मनात असताना “समजावून सांगतो” असे मी कोणत्या तोंडाने म्हटले, देव जाणे. पण म्हटले खरे.

संध्याकाळी पोर एकटीच आली. खांद्याला झोळी, काखेत ही जाड फाइल, हातात लॅपटॉप. पायांतल्या चपला काढता काढताच म्हणाली, “काका, तुम्ही मला समजावणार आहात ना? चालेल. पण आधी दोन तास हा सिनेमा बघा. मग बोला.” आमच्या सौभाग्यवतींनी तिला चकलीची बशी दिली आणि त्याही खुर्ची ओढून बसल्या. त्यांना परदेशी चित्रपटातली स्वयंपाकघरे पाहायला फार आवडतात.

चित्रपट १९९६ सालचा, जुन इचिकावा या दिग्दर्शकाचा. नाव ‘तोकिवा-सो नो सेइशुन’. आपल्या भाषेत ‘तोकिवा-सोमधले तारुण्य’. तोकिवा-सो ही टोकियोतली एक दुमजली लाकडी इमारत, म्हणजे आपल्याकडची चाळच. एकेक खोली साडेचार चटयांची. तिकडे खोलीचे माप जमिनीवर अंथरायच्या चटयांच्या संख्येत सांगतात. साडेचार चटया म्हणजे आपले पंचाहत्तर-ऐंशी चौरस फूट. स्वयंपाकघर सामाईक, संडास सामाईक, आंघोळीला बाहेरच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचे. (सौभाग्यवतींची साफ निराशा झाली.) १९५३ साली या चाळीत ओसामु तेझुका राहायला आला. वैद्यकीचे शिक्षण पुरे करून, डॉक्टरीचा परवाना मिळवून, मग चित्रकथा काढीत बसलेला हा माणूस. त्याच्या मागोमाग, त्याला देव मानणारी विशी-बाविशीची पोरे एकेक करून तिथे येऊन राहू लागली.

हे दिवस काही त्या धंद्याच्या भरभराटीचे नव्हते. चित्रकथांनी मुले बिघडतात म्हणून तिकडच्या पालकांनी आणि शिक्षकांनी तेव्हा मोठा गहजब केला होता. म्हणजे आमचा मित्र त्या काळच्या टोकियोतही सुखाने रमला असता. त्या पोरांकडे काय होते? शाई, टाक, एक बसके टेबल, आणि शेजारच्या खोलीत असलाच दुसरा एक वेडा. तेझुकाने १९५४ साली खोली सोडली, तेव्हा घरमालकाकडची अनामत तशीच राहू दिली, आपले टेबलही मागे ठेवले, आणि खोली दोघा मित्रांच्या हवाली केली. हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको. शाळेपासूनचे सोबती, गावाकडून टोकियोत आलेले. दोघे मिळून एकाच नावाने काढीत: फुजिको फुजिओ. वाचकहो, तुमच्या घरात दहा वर्षांखालचे मूल असेल तर या जोडीशी तुमची ओळख आहे. फुजिमोतोने १९६९च्या अखेरीस जे निळे, गोल, बिनकानांचे मांजर काढले, ते ‘डोरेमॉन’ नावाने तुमच्या दिवाणखान्यात हिंदी बोलत असते. ते मूळ कागदावरचे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असते? दोघांनी तीस-पस्तीस वर्षे एकच नाव वापरले. १९८७-८८च्या सुमारास ते वेगळे झाले. वेगळे झाल्यावरही दोघांनी जुने नाव टाकले नाही, प्रत्येकाने त्यात आपले एक अक्षर घातले.

हे ऐकताना मी चकली जरा जोरानेच चावली असावी. पोर माझ्याकडे पाहत होती.

पण चित्रपट या यशस्वी मंडळींचा नाही, आणि म्हणूनच तो मला विसरता येत नाही. त्याचा नायक हिरोओ तेरादा. वयाने थोडा मोठा, शांत, अंगाने धिप्पाड, बेसबॉलच्या गोष्टी काढणारा. मसाहिरो मोतोकी या नटाने ही भूमिका केली आहे. पुढे २००८ सालच्या ‘डिपार्चर्स’मध्ये मृतांना अखेरचा साज चढवणारा तरुण झाला तोच हा. तेरादा सगळ्यांचा थोरला भाऊ. कुणाचे भाडे थकले, तेरादाकडे जा. कुणाला संपादकांनी परत पाठवले, तेरादाच्या खोलीत बस. खिशात पैसे नसले की स्वस्त दारूत सोड्यासारखे गोड पेय मिसळायचे, कोबी परतायचा आणि मेजवानी करायची. फुजिओ आकात्सुका नावाचा एक पोरगा पुरता खचला होता. हे सारे सोडून एखाद्या कॉफीच्या दुकानात राहून काम करावे, असा विचार त्याने तेरादाला सांगितला. तेरादाने त्याच्या हातात पैसे ठेवले. हे संपेपर्यंत थांब, मग जा, असे सांगितले. पैसे संपण्याआधी आकात्सुकाला काम मिळाले, आणि पुढे तो जपानला खदखदून हसवणारा सर्वांत मोठा विनोदी चित्रकथाकार झाला. शेजारच्या खोलीतल्या शोतारो इशिनोमोरीने जन्मभरात सव्वा लाखाहून अधिक पाने काढली.

आणि तेरादा? त्याला मुलांसाठी स्वच्छ, सरळ गोष्टी काढायच्या होत्या. बाजाराला हळूहळू तिखट हवे होते. धाकटे पुढे गेले; तो आपल्या रेघेला धरून राहिला, आणि एके दिवशी त्याने काढणेच थांबवले. नंतरच्या वर्षांत तो माणसांतूनही दूर झाला. १९९२ साली गेला. चित्रपटात यातले फार थोडे दाखवले आहे. मोठमोठी भाषणे नाहीत, पार्श्वसंगीताचा गिलावा नाही. मधूनच त्या काळच्या टोकियोची खरी छायाचित्रे येतात, आणि मग पुन्हा तीच खोली, तीच खिडकी, कागदावर वाकलेले डोके. दाराशी कुणीतरी येऊन उभे राहते आणि तेरादा मान वर करून पाहतो. ते पाहणे पाहिले की पुढचे सगळे कळते.

“सगळ्यांचं भाडं यानंच भरायचं, तर याचं कोण भरणार?” सौभाग्यवती म्हणाल्या. दोन तासांच्या चित्रपटाची एवढी नेमकी समीक्षा मला एम.ए.च्या वर्गातही ऐकायला मिळालेली नाही.

लॅपटॉप मिटल्यावर पोर म्हणाली, “काका, यातलं ते मासिक बघितलंत? ‘मांगा शोनेन’?” बघितले होते. केनइची कातो नावाच्या संपादकाने १९४७ साली काढलेले ते मासिक नवख्या मुलांकडून चित्रे मागवीत असे, निवडून छापीत असे, त्यांवर शेरे देत असे. खेड्यापाड्यांतली मुले महिनाभर त्या शेऱ्याची वाट बघत. तोकिवा-सोमधली बहुतेक पोरे एकमेकांना पहिल्यांदा भेटली ती त्या पानांवर. १९५५ साली मासिक बंद पडले. पण तोवर त्याने आपले काम करून ठेवले होते.

“तसं आपल्याकडे होतं का हो काही?”

इथे मला प्राध्यापक होण्याची संधी मिळाली आणि ती मी सोडली नाही. मी तिला सांगितले, की अगदी त्याच वर्षांत, याच पुण्यात, अनंत अंतरकर नावाचे एक संपादक होते. ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही मासिके त्यांची. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा, कोल्हापुरात शिकलेला आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेला एक तरुण व्यंगचित्रे सोडून जाहिरातींच्या चित्रकलेकडे वळण्याच्या बेतात होता. अंतरकरांनी त्याची पाठ सोडली नाही. १९५१च्या ‘हंस’च्या विनोद विशेषांकाचे मुखपृष्ठ त्याच्याकडून करून घेतले, पाठोपाठ १९५२ साली ‘मोहिनी’चे. बसथांब्यावर उभे असलेले दोन तरुण जीव, आणि त्यांच्या कपड्यांवरची मांजरे आणि उंदीर. खाली एक शब्द नाही. महाराष्ट्र ते चित्र पाहून जो हसला तो पुढे शि. द. फडणीस या नावाला विसरला नाही. १९६५ साली त्यांनी मुंबईच्या जहांगीर कलादालनात ‘हसरी गॅलरी’ भरवली. पुढे आमच्या पिढ्यांच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांतही त्यांची चित्रे आली. गणितात मी कधी रमलो असेन तर ते त्या चित्रांच्या पानांपुरतेच. २०२५च्या जुलैत त्यांच्या वयाला शंभर वर्षे पुरी झाली.

“म्हणजे अंतरकरांनी सोडलं असतं तर?” पोरीने विचारले.

असल्या प्रश्नांना वर्गात मी ‘हा प्रश्न परीक्षेला येत नाही’ असे उत्तर देतो.

मी तिला आणखीही सांगितले. बापाच्या बाजूनेही बोलायला हवे होते ना! आपल्याकडे नुसत्या रेघेवर संसार चालवणारे किती थोडे झाले, ते सांगितले. पुलंच्या पुस्तकांना ज्यांच्या चित्रांनी चेहरा दिला ते वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअरची नोकरी करीत होते. आर. के. लक्ष्मणना ऐन उमेदीत जे. जे.ने प्रवेशच नाकारला होता. त्यांचे पुढे वर्तमानपत्रात बस्तान बसले म्हणून निभावले. (त्यांची अखेरची वर्षे पुण्यात गेली, २०१५च्या प्रजासत्ताकदिनी ते इथेच वारले.) ‘नागराज’च्या अंगावरचे हिरवे खवले काढणारे प्रताप मुळीक पुण्याचे, पण तो नागराज बोले हिंदी, आणि छापणारे दिल्लीचे. मराठी व्यंगचित्रकाराचा हंगाम आंब्यासारखा वर्षातून एकदा, दिवाळीला. मधुकर पाटकरांनी १९५१ साली काढलेल्या ‘आवाज’मधल्या खिडक्या उघडून बघायला घरातली मोठी माणसे किती उतावीळ असत, आणि आम्हां मुलांना अंक मिळे तेव्हा त्या खिडक्या किती सैल झालेल्या असत, हेही ओघात आले. ते तिला सांगायला नको होते, असे सौभाग्यवतींच्या डोळ्यांवरून कळले.

पोरीने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग फाइल पुढे सरकवून म्हणाली, “काका, त्यांच्याकडे ते मासिक होतं, तुमच्याकडे ‘हंस’ होतं. मी ही घेऊन कुठे जाऊ?”

“हल्ली तुमचं ते सगळं फोनवर...”

“टाकते ना. बदाम येतात. एकदा चारशे आले होते. पण कुठे चुकलंय ते कुणी सांगत नाही.”

मला उत्तर सुचले नाही. मी फाइल उघडली.

पहिली काही पाने पाहून मी खरोखर निराश झालो. तुळशीबागेतल्या बांगडीवालीचे डोळे जपानी चित्रांतल्यासारखे बशीएवढे, आणि लक्ष्मी रस्त्यावर चेरीच्या फुलांचा पाऊस. त्यातून पाने उजवीकडून डावीकडे वाचायची! “हे काय?” म्हटले, तर म्हणे तिकडे तसेच असते. मी जरा रागानेच म्हणालो, की आपली भाषा डावीकडून सुरू होते. तिने मान हलवली. पण फाइलच्या मध्याला आल्यावर कागद बदलले होते. डोळे लहान झाले होते. पाने आपल्या बाजूने चालू लागली होती. एक आजी बाल्कनीत कोथिंबीर निवडत बसली आहे. चार चौकटींत ती फक्त कोथिंबीर निवडते, शब्द नाही. पण चौथ्या चौकटीत काड्यांचा ढीग जुडीपेक्षा मोठा झालेला आहे आणि आजी त्या ढिगाकडे अशी पाहते आहे की ती निवडण्यासाठी बसलीच नव्हती हे कळावे. मित्राच्या आई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटी शेवटी त्यांना माणसे ओळखू येत नव्हती. मी पान तसेच धरून बसलो. पुढे एक रिक्षावाला होता, बस होती, बँकेतून घरी येऊन बूट न काढता खुर्चीत बसलेला एक माणूसही होता. तो कोण हे मी विचारले नाही.

नऊच्या सुमारास मित्र तिला न्यायला आला. दारातूनच त्याने माझ्याकडे भुवया उंचावून ‘झालं का?’ असे विचारले. मी काही बोलण्याच्या आत त्याची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. तो जवळ आला. चष्मा कपाळावर ढकलला. बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटले, आता हा फाइल मिटणार.

“हा रिक्षावाला कुठल्या पायानं ब्रेक दाबतोय?” तो म्हणाला.

पोर चमकली. “का? काय चुकलं?”

“डाव्या पायानं ब्रेक दाबणारा रिक्षावाला पुण्यात जन्माला यायचाय अजून. पाय असा येतो. आणि ब्रेक दाबला की खांदा पुढं जातो, मागं नाही. पेन्सिल आहे का रे?”

पेन्सिल होती, कागद जवळ नव्हता, म्हणून टेबलावरचे विजेचे बिल त्याने उलटे केले. आधी रिक्षावाल्याचा पाय काढला. मग खांदा. तेवीस-चोवीस वर्षांत हात जड झाला होता. पहिली रेघ त्याने दोनदा गिरवली. दुसरी एकदाच आली. पोर त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती, आणि मला वाटते, चित्राकडे कमी आणि हाताकडे जास्त पाहत होती. उरलेल्या जागेत त्याने एक पायरी काढली, बंद दार काढले, दारावर पाटी काढली. पायरीवर एक माणूस बसवला. या खेपेला त्याला टक्कल पडले होते, चष्मा लागला होता, पोतेही ठिगळांचे होते. पण घड्याळाकडे बघत तो अजून बसलेलाच होता.

“हा कोण, बाबा?”

“आमच्या जुन्या ओळखीचा आहे एक,” असे म्हणून त्याने मान वर केली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. “खाली काय लिहायचं रे?”

मी तोंड उघडले होते. खरे सांगायचे तर ओळही सुचली होती.

“काका, नका ना लिहू काही,” पोर म्हणाली.

बिल भरायला दुसऱ्या दिवशी मी नुसता ग्राहक क्रमांक चिठ्ठीवर लिहून घेऊन गेलो.